विशाखाच्या पाठीतलं लोखंड

निशाला पहिल्यांदा कळलं ते फ्रॉकच्या घेरावरून. पडेगावातल्या घराच्या पुढच्या खोलीत मशीन टाकून ती शाळेचे गणवेश आणि लहान पोरींचे कपडे शिवायची. चार वर्षांच्या लेकीला, विशाखाला, जयंतीसाठी तिनं पांढरा फ्रॉक शिवला, अंगात घालून बघितला, तर घेर उजव्या बाजूला दोन बोटं वर. कापताना हात चुकला असेल म्हणून तिनं तो उसवून पुन्हा शिवला. पुन्हा तेच. मग तिनं फ्रॉक बाजूला ठेवला, पोरीला दारातल्या उजेडात पाठमोरं उभं केलं आणि मानेपासून खाली बोट फिरवलं. बोट सरळ खाली आलंच नाही. पाठीच्या मध्यावर ते उजवीकडं वळलं आणि कमरेजवळ परत जागेवर आलं. वाकायला सांगितल्यावर उजव्या बाजूच्या बरगड्या सुपासारख्या वर उचलल्या गेल्या.

त्या दिवशी तिचा नवरा धम्मपाल पहिल्या पाळीहून घरी आला तेव्हा निशा फ्रॉक मांडीवर घेऊन बसली होती. वाळूजच्या एका कारखान्यात तो गिअरबॉक्सचे सुटे भाग करणाऱ्या मशीनवर ऑपरेटर होता. आयटीआय करून लागला तेव्हापासून चौदा वर्षं त्याचे हात धातूतच होते. निशानं सांगितलेलं सगळं ऐकून त्यानंही पोरीच्या पाठीवरून बोट फिरवलं आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकली.

जालना रोडवरच्या एका दवाखान्यात डॉक्टर सुदर्शन आवटे मणक्याचे आजार बघत. माणूस कमी बोलणारा, पण जे बोलायचा ते समजेल असं. त्यांनी आधी प्लास्टिकचा पट्टा दिला. विशाखा तो पट्टा दिवसरात्र घालायची. उन्हाळ्यात त्याखाली घामोळं उठायचं, निशा रोज पावडर लावायची. वर्षभरानं फोटो काढला तर बाक कमी व्हायच्या ऐवजी वाढलेला. मग डॉक्टरांनी ऑपरेशनचं सांगितलं.

मोठ्या माणसाच्या मणक्यात एकच सळई बसवून तो कायमचा जखडून टाकतात, पण हिचं अंग अजून वाढायचं आहे, असं ते म्हणाले. आत्ताच जखडलं तर धड आखूड राहील, छाती वाढणार नाही आणि फुप्फुसांना जागा मिळणार नाही. म्हणून वर दोन स्क्रू, खाली दोन स्क्रू आणि मध्ये दोन तुकड्यांचा रॉड. ते तुकडे एका नळीत एकमेकांशेजारी बसतात. पोरगी वाढेल तसा दर सहा महिन्यांनी छोटा छेद घ्यायचा, नळीचा स्क्रू ढिला करायचा, रॉड थोडा लांबवायचा आणि परत आवळायचा. पाठीच्या दोन्ही बाजूंना असा एकेक रॉड.

डॉक्टरांनी नमुन्याचा रॉड टेबलावर ठेवला. निशानं हात मागं घेतला. धम्मपालनं मात्र तो उचलला, उजेडात फिरवला, नळीतला बारीक स्क्रू नखानं चाचपला आणि धातू कोणता, स्क्रू किती जोरानं आवळतात, असं विचारत सुटला. टायटॅनियम आहे, असं सांगून डॉक्टर हसले आणि इतकी वर्षं काम करतोय पण असं विचारणारे बाप तुम्ही पहिलेच, असं म्हणाले. त्याच बैठकीत त्यांनी दुसरंही एक सांगितलं होतं. हिचं डावं फुप्फुस आधीच दबलेलं आहे. रॉड त्याला जागा करून देईल, नवं फुप्फुस देणार नाही. सर्दी-खोकल्याला ही पोरगी कायम जपावी लागेल. हे शब्द धम्मपालच्या कानावर पडले, पण मनात राहिला तो रॉड. धातूतलं त्याला कळत होतं. जे कळतं त्यावर माणूस भरवसा ठेवतो.

निशा नाही म्हणाली. लेकराच्या पाठीत लोखंड घालायचं आणि वर्षातून दोनदा पाठ उघडायची, हे तिला ऐकवतच नव्हतं. सहा महिने तिनं आज नको, उद्या नको केलं. पट्टाच चालू ठेवू म्हणाली. कुणीतरी मालिश करणारा सांगितला, त्याच्याकडंही नेऊन आली. शेवटी धम्मपाल तिला म्हणाला, "निशा, लोखंडाचं माझ्यावर सोड. त्यातलं मला कळतं. तू फक्त पोरीला बघ."

विशाखा सहा वर्षांची असताना ऑपरेशन झालं. सरकारी योजनेत बसलं, म्हणून निभावलं. पाचव्या दिवशी नर्सनं तिला धरून उभं केलं, तेव्हा निशाच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. पोरगी एका आठवड्यात चांगली दीड इंच उंच झाली होती. खांदे एका ओळीत आले होते. घरी आल्यावर निशानं तिच्यासाठी नवा फ्रॉक शिवला आणि त्याचा घेर चारी बाजूंनी सारखा पडला.

पुढची चार वर्षं त्यांनी तशी सुखात काढली. दर सहा-आठ महिन्यांनी रॉड लांबवायला जायचं. विशाखा त्याला सर्व्हिसिंग म्हणायची. पप्पांच्या मोटारसायकलची असते तशी आपली पण, असं ती दवाखान्यातल्या सगळ्या सिस्टरांना सांगायची. भूल देणाऱ्या डॉक्टरांना तिनं एकदा, ऑइल पण बदला, असं बजावलं होतं. धम्मपालला दर वेळचे आकडे पाठ होते. पहिल्या वेळी अकरा मिलिमीटर, मग नऊ, मग आठ. पुढंपुढं आकडा घटत गेला. सातव्या वेळी चारच मिळाले. मणका ताठर होत जातो, हे ठरलेलंच आहे, असं डॉक्टर म्हणाले.

चौथीत असताना शाळेची सहल अजिंठ्याला गेली. पाठवायचं की नाही यावरून घरात दोन दिवस चर्चा झाली. फर्दापूरला पोहोचल्यावर बाईंनी फोन करून सांगितलं की विशाखा पायऱ्या चढते म्हणतेय. दर दहा पायऱ्यांवर बसत, धापा टाकत ती चढली. आडव्या झोपलेल्या बुद्धांच्या पायाचा अंगठा माझ्या डोक्याएवढा आहे, हे त्यानंतर महिनाभर ती येईल त्या माणसाला सांगत होती. धम्मपालचे वडील साहेबराव मनपाच्या पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले. घरात येणारा पाहुणा आधी त्यांच्याकडं चहा प्यायचा आणि मग नातीकडून अंगठा ऐकायचा.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. धम्मपालला दुसरी पाळी होती म्हणून सकाळी तोच विशाखाला शाळेत सोडायला निघाला. गाडी पंक्चर होती, तेव्हा दोघं रिक्षात बसले. छावणीजवळच्या खड्ड्यात रिक्षा आदळली. विशाखा म्हणाली, "पप्पा, पाठीत कट् वाजलं."

त्यानं तिच्या स्वेटरखाली हात घालून पाठ चाचपली. दुखतं का विचारलं. नाही म्हणाली. वाकून दाखव म्हणाला, तर रिक्षातच वाकून दाखवलं आणि हसली. पुढची तारीख तीन आठवड्यांवर होती. कारखान्यात महिनाअखेरीची घाई, रजा मागायची सोय नव्हती. तारखेला दाखवू, असं त्यानं मनाशी ठरवलं. निशाला सांगितलं असतं तर तिला झोप लागली नसती, म्हणून तिलाही सांगितलं नाही.

दहा-बारा दिवसांनी विशाखाला ताप आला. आधी सर्दी, मग खोकला. औषध चालूच होतं, पण चौथ्या दिवशी सकाळी ती बसून श्वास घ्यायला लागली, ओठ काळपट दिसायला लागले. दवाखान्यात नेल्याबरोबर आत घेतलं. निमोनिया दोन्ही बाजूंना पसरला होता. दुसऱ्या दिवशी नळी घातली. पाच दिवस मशीनवर होती. डॉक्टर आवटे रोज येऊन छातीचा फोटो बघायचे. धम्मपालनं एकदाच विचारलं की रॉड जागेवर आहे का. जागेवर आहे, रॉडचा काही संबंध नाही, असं डॉक्टरांनी फोटो दाखवून सांगितलं. धम्मपालनं मान हलवली. पण फोटोत बारीक चीर दिसत नसते, हे त्याला वीस वर्षांच्या नोकरीनं शिकवलं होतं.

सहाव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास डॉक्टर बाहेर आले आणि उभे न राहता बाकड्यावर त्यांच्या शेजारी बसले. तेवढ्यावरून निशाला कळलं.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला धम्मपाल, साहेबराव आणि भावकीतले चौघं गेले. राख हातानं बाजूला करताना साहेबरावांच्या बोटांना काहीतरी कडक लागलं. त्यांनी ते वर काढून धोतराला पुसलं. दोन रॉड होते, नळ्या जागेवर, टोकांना स्क्रू तसेच. आगीनं कुठं निळसर, कुठं पितळेसारखा रंग चढला होता. साहेबरावांनी आयुष्यभर पाइप आणि व्हॉल्व्ह हाताळले होते, पण हे कुठं ठेवायचं ते त्यांना कळेना. "पाल्या, हे काय करायचं रे?" त्यांनी विचारलं.

धम्मपालनं रुमाल पसरला, त्यात ते गुंडाळलं आणि खिशात ठेवलं.

घरी आल्यावर निशानं विचारलं, लोखंड निघालं असेल ना. राखेत गेलं, तिथंच राहिलं, असं तो म्हणाला. बायकोशी तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. पण रॉड हातात आल्या क्षणापासून त्याच्या डोक्यात एकच आवाज होता, कट्. पाठीत तडकलेल्या रॉडनं छातीला ओढ बसली असेल, श्वास अपुरा पडत गेला असेल, आणि ज्याला सगळं कळतं त्या बापानं महिनाअखेर बघितली. हे निशाला सांगायच्या आधी त्याला खात्री करून घ्यायची होती.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, आणि धम्मपाल कामावर हजर झाला. रॉड लॉकरमध्ये ठेवले. आठवडाभरानं दुपारच्या सुट्टीत त्यानं तपासणी विभागातल्या आकाशला गाठलं आणि रुमाल उघडून त्याच्या टेबलावर ठेवला. आकाश विशाखाच्या मातीला आला होता. त्यानं एकदा रुमालाकडं पाहिलं, एकदा धम्मपालकडं, आणि हातमोजे घातले.

धातूतली डोळ्याला न दिसणारी चीर शोधायची एक पद्धत आहे. आधी तुकडा स्वच्छ करून त्यावर लाल रंग फवारायचा. चीर असेल तर रंग तिच्यात शिरतो. मग वरचा रंग पुसून घ्यायचा आणि पांढरी भुकटी फवारून थांबायचं. चीर आत लपवलेला रंग बाहेर सोडते आणि पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. धम्मपालनं हे शेकडो वेळा बघितलं होतं. त्या दिवशी तो टेबलाच्या कडेला दोन्ही हात टेकून उभा राहिला आणि आपल्या लेकीच्या पाठीतल्या पांढऱ्या पडलेल्या रॉडकडं बघत बसला. रेघ उमटावी, असंच त्याला वाटत होतं. रेघ उमटली असती तर निदान काय झालं ते कळलं असतं, कुणी केलं ते कळलं असतं, आणि ते आपणच असलो तरी चाललं असतं.

पंधरा मिनिटं गेली. पांढरं पांढरंच राहिलं.

"परत कर," तो म्हणाला.

आकाशनं परत केलं. दुसरा रॉडही केला. स्क्रूंच्या मानाही भिंगाखाली बघितल्या. मग धम्मपालनं स्वतः बारीक ॲलन की घेऊन नळीतला स्क्रू फिरवून पाहिला. तो हलला नाही. सातव्या वेळी डॉक्टरांनी आवळला होता तसाच घट्ट होता.

"दादा, पीस ओके आहे," आकाश सवयीनं बोलून गेला आणि बोलल्याबरोबर त्याचा चेहरा पडला.

धम्मपालनं रॉड पुसले, रुमालात बांधले, लॉकरमध्ये ठेवले आणि उरलेली पाळी काढली. त्याला हलकं वाटलं नाही. उलट, इतके दिवस ज्या गोष्टीला धरून तो उभा होता, तीही हातातून गेली. रॉड चांगला होता. काम चांगलं झालं होतं. पोरगी तेवढी नव्हती. आणि रिक्षातला तो आवाज मात्र कानातून गेला नाही. रॉडचा नसेल तर कशाचा होता, आणि दाखवायला नेलं असतं तर डॉक्टरांनी छातीही तपासली नसती का, हे त्यातून नवीनच निघालं.

घरात बोलणं बंदच झालं होतं. निशा मशीनवर बसत नव्हती. दोघं जेवायला समोरासमोर बसायचे आणि साहेबराव दोघांच्या ताटांकडं बघत राहायचे.

मार्चमध्ये डॉक्टर आवट्यांचा निशाच्या मोबाइलवर फोन आला. बराच वेळ ते इकडचं तिकडचं विचारत राहिले. मग म्हणाले की देवगाव रंगारीचं एक कुटुंब आलंय, पाच वर्षांची मुलगी आहे, बाक विशाखासारखाच आहे. आईवडील घाबरलेत, ऑपरेशन नको म्हणतात. आधी केलेल्या कुणाशी तरी बोलायचं म्हणतात. जवळ राहणारं दुसरं कुणी नाही. "तुमच्या मुलीचं पुढं काय झालं ते मी त्यांना सांगितलेलं नाही," ते म्हणाले. "ते सांगायचं की नाही, तुम्ही ठरवा. आणि यायला जमणार नसेल तर मी पुन्हा विचारणार नाही."

धम्मपालला ते पटलं नाही. तो बऱ्याच दिवसांनी एवढं बोलला. तू काय सांगणार त्यांना, असं त्यानं विचारलं. बसवून घ्या म्हणणार, आणि चार वर्षांनी काय?  निशा म्हणाली, "जायचंय मला. तुम्ही नसाल येत तर मी रिक्षानं जाते."

तो तिला घेऊन गेला.

दवाखान्यात तपासणीच्या खोलीला लागून एक छोटी खोली होती. तिथं गोकुळ आणि मेघा बसले होते. दोघं तिशीच्या आतले. गोकुळची पाच एकर शेती होती. मेघाच्या मांडीवर पाच वर्षांची प्रेरणा. स्वेटरचा एक खांदा वर, एक खाली. निशाची नजर तिथं गेली आणि तिथंच राहिली.

मेघानं पहिलंच विचारलं, तुमची मुलगी आता कशी आहे?

धम्मपालनं जमिनीकडं पाहिलं. निशा म्हणाली, "गेली. तीन महिने झाले."

मेघानं पोरीला दोन्ही हातांनी छातीशी ओढलं. गोकुळ उठून उभा राहिला, आता निघायचंच अशा बेतानं.

"बसा भाऊ," निशा म्हणाली. "खोटं सांगून तुमचं लेकरू आत पाठवायला मी नाय आले. ऐकून घ्या, मग जा." गोकुळ बसला नाही, पण थांबला. "रॉडनं नाय गेली ती. छातीनं गेली. तिला डॉक्टरनं सांगितलं तवाच रॉड बसवायला पायजे होता. मी नको म्हणले. सहा महिने नको नको केलं. मालिशवाल्याकडं नेलं. तेवढ्यात बाक लई वाढला. त्या सहा महिन्यात तिचं फुप्फुस किती दबलं आसंल, ते मला कुणी सांगत नाय. मी विचारलंबी नाय." तिचा आवाज चढला नव्हता. "पण रॉड बसवल्यावर चार वर्षं ती सरळ चालली. अजिंठ्याच्या पायऱ्या चढली. पोरींत नाचली. नायतर ती चार वर्षं मला मिळाली नसती. तुमची अजून पाचाची हाय. उशीर नका करू, एवढंच."

धम्मपाल तिच्याकडं बघतच राहिला. हे तिनं त्याला कधी सांगितलं नव्हतं. तोही कधी विचारायला गेला नव्हता. एकाच घरात, एकाच भिंतीला टेकून, दोघं आपापलं ओझं वेगवेगळं घेऊन बसले होते.

गोकुळ मग बसला. जरा वेळानं त्यानं धम्मपालला विचारलं, "दादा, ते रॉड आत तुटत्यात म्हणे. खरं हाय का?"

"कधीकधी तुटतात. मग बदलतात," धम्मपाल म्हणाला. "आमचा नाय तुटला. मी तपासलाय."

निशानं वळून त्याच्याकडं पाहिलं. मग ती मेघाकडं वळली. पाऊण तास ती मेघाशीच बोलत होती: पट्ट्याखाली घामोळं येऊ नये म्हणून काय करायचं, छेद ओला असेपर्यंत अंघोळ कशी घालायची, झोपताना उशी कुठं ठेवायची. मेघानं तिचा नंबर घेतला.

बाहेर गाड्या लावायच्या जागेत आल्यावर निशा थांबली. "तपासलाय म्हंजे?"

त्यानं सगळं सांगितलं. राखेतून काढलेले रॉड, रुमाल, लॉकर, लाल रंग. आणि शेवटी रिक्षातलं. कट् वाजलं म्हणाली होती, मी दाखवलं नाही, तुला सांगितलं नाही, महिनाअखेर होती. सांगताना तो गाडीच्या आरशाची काच अंगठ्यानं पुसत होता.

निशानं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला सांगितलं होतं तिनं. त्याच दिवशी, शाळेतून आल्यावर. पप्पाला सांगू नको, पप्पा लोखंडाचं लई मनाला लावून घेतो, म्हणली. दुसऱ्या दिवशी तुम्ही कामावर गेल्यावर मी तिला घेऊन आले हितं. फोटो काढला. डॉक्टर म्हणले, काई नाय, सांध्यात वाजतं कधीकधी. छातीबी बघितली त्यांनी. तवा छाती साफ होती."

धम्मपालचा अंगठा आरशावर तसाच थांबला. मग तो गाडीवर बसला.

"तुम्हाला सांगायला पायजे होतं मी," निशा म्हणाली.

"आन् मी त्या सहा महिन्यात जोर करायला पायजे होता," तो म्हणाला. "एकट्या तुझं नाय ते."

तेवढंच बोलणं झालं. पण घरी जाताना तिनं मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता, आणि तो हात तिनं पडेगाव येईपर्यंत काढला नाही.

दुसऱ्या दिवशी तो रॉड घरी घेऊन आला. निशानं रुमाल मांडीवर उघडला. चार वर्षं ज्याला ती भीत आली होती, ते तिनं पहिल्यांदाच हातात घेतलं. वीतभर लांब आणि पेन्सिलीपेक्षा बारीक. "एवढंसंच होतं?" तिनं विचारलं. मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिनं त्यावरून बोट फिरवलं, पोरीच्या पाठीवरून फिरवायची तसं. साहेबराव दारात उभे होते, ते अंगणात निघून गेले. रॉड तिनं कपाटात विशाखाच्या कपड्यांमध्ये ठेवले. धम्मपालनं त्याला हरकत घेतली नाही.

एप्रिलच्या शेवटी मेघाचा फोन आला. प्रेरणाच्या ऑपरेशनची तारीख ठरली होती. ताई, तुम्ही याल का, एवढंच तिनं विचारलं. निशानं हो म्हणून टाकलं आणि मग दोन दिवस तिला जेवण गेलं नाही. धम्मपालनं न सांगता रजा टाकली.

सकाळी आठला प्रेरणाला आत नेलं. बाहेर बाकड्यावर मेघा आणि निशा शेजारी बसल्या. गोकुळ जिन्यापर्यंत जायचा आणि परत यायचा. धम्मपाल भिंतीला टेकून उभा होता. त्याच बाकड्यावर तो चार वर्षांपूर्वी बसला होता, आणि तीन-चार महिन्यांपूर्वीही. आज तो बसला नाही.

दुपारी दीडच्या सुमारास डॉक्टर आवटे बाहेर आले. टोपी काढून त्यांनी मेघाला सांगितलं की सगळं व्यवस्थित झालं, पोरगी शुद्धीवर येतेय, दोन्ही पाय हलवतेय. मेघानं हात जोडले. गोकुळ भिंतीला टेकून खाली बसला आणि रुमालात तोंड घालून हसायला लागला.

आणि निशाला हुंदका फुटला. विशाखा गेली तेव्हा दवाखान्यात ती अशी रडली नव्हती, मातीच्या वेळी नाही, नंतरही नाही. आता तो आवाज तिच्या पोटातून येत होता आणि तिला थांबवता येत नव्हता. तिनं पदर तोंडात कोंबला तरी तो बाहेर येत होता. मेघा घाबरली, मग तिला समजलं, आणि तिनं निशाचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. डॉक्टर क्षणभर तिथं थांबले, मग टोपी घालून आत गेले.

बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला खुलताबादकडची एक म्हातारी बसली होती. तिचा मुलगा आत होता. तिनं हे सगळं बघितलं आणि तिला वाटलं की आत गेलेलं लेकरू रडणाऱ्या बाईचंच असणार, आणि काहीतरी वाईट झालंय. ती हळूच उठून धम्मपालजवळ आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "बाबा, तुमचं कोण होतं आत?"

आमचं कुणी नाही, असं त्याला सांगता आलं असतं. त्यानं निशाकडं पाहिलं. मग म्हणाला, "आमची पोरगी होती, मावशी. विशाखा. दहा वर्षांची."

म्हातारीनं त्याच्या दंडावर हात ठेवला. त्याच्याही डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि त्यानं ते पुसलं नाही.